आगोटीची नाचणी

मे महिना उतरणीला लागला की ते आधी माझ्या नाकाला कळतं. आंब्याच्या पेट्यांमधल्या पेंढ्याचा वास बाजारातून ओसरू लागतो, समुद्रावरचं वारं जड होतं, आणि कोठीच्या खोलीचं कुलूप काढलं की नव्या पोत्यांचा तो कोरडा, जरासा रॉकेलसारखा वास अंगावर येतो. मग मी खिडकीचं दार उघडतो, पिंपं एकेक करून बाहेर ढकलतो, आणि मनातल्या मनात म्हणतो, आली आगोट.

आमच्या रत्नागिरीकडे पावसाच्या तोंडावर घरात चार महिन्यांचं भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, मीठ, मिरच्या, जळण, ज्याचं जसं घर तसं. घरोघरची आगोट सगळ्यांना ठाऊक असते. रुग्णालयालाही आगोट असते हे मात्र बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. लोकांना वाटतं, रुग्णालयात औषधं साठवत असतील. पण आजारी माणूसही दोन वेळा जेवतो, आणि धो धो पावसात घाट बंद पडला तरी सकाळची पेज वॉर्डात वेळेवर जावी लागते. त्या पेजेची काळजी करणारा माणूस म्हणजे मी. अर्धं आयुष्य मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची कोठी सांभाळत आलो.

आता कुणी म्हणेल, यात सांभाळायचं काय? आमच्या हवेत राहणाऱ्याने हे विचारू नये. आषाढात इथे बरणीतलं मीठ रडतं. साखरेचे दगड होतात. काडेपेटी दहा वेळा घासली तरी पेटत नाही, पापड तळायच्या आधीच नरम पडलेला असतो. रव्याला जाळी धरते, तुरीत भुंगे फिरू लागतात, आणि जांभ्याच्या भिंतीला पाठ टेकून ठेवलेलं पोतं भिंतीचा घाम पिऊन टाकतं. म्हणून कोठीत पोती भिंतीपासून हातभर लांब, विटांवर टाकलेल्या फळ्यांवर. जुनं पुढे, नवं मागे. तुरीला एरंडेलाचं बोट, तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला. खिडकीला बारीक जाळी, दाराखाली पत्रा. हे सगळं केलं तरी पावसाळा कुठून तरी आत येतोच. आपण फक्त त्याला उशीर करतो.

आताचे व्यवस्थापक तरुण आहेत. परवा म्हणाले, "भाऊ, एवढं भरता कशाला? मोबाईलवरून मागवलं की दुसऱ्या दिवशी दारात." खरंही आहे ते. मी मान हलवली आणि भरलं. त्यांना वाटलं, म्हातारा होत चाललाय, सवय सुटत नाही. सवय आहेच. पण मला आगोट सोडवत नाही याचं कारण वेगळं आहे. एका आगोटीत माझ्या हातून एक पिंप बिघडलं, आणि त्याचा दोष मी एका पोरीच्या अंगावर जाऊ दिला. पिंप फेकून दिलं. पोरीचं काय झालं ते मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

तिचं नाव सुगंधा. पूर्णगडची. माहेर-सासर दोन्ही समुद्राकाठचं, होड्या आणि जाळ्यांतलं. नवं लग्न झालेलं, नवरा रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात लागलेला, म्हणून ही आमच्याकडे स्वयंपाकघरात आली. येतानाच हसत आली. स्वयंपाकघराच्या मुख्य होत्या इंदूमावशी, लांज्याच्या बाजूच्या एका गावातल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला ताटांवरच्या चिठ्ठ्या समजावल्या: या खोलीत साखर नाही, त्या खोलीत मीठ नाही. सुगंधा म्हणाली, "म्हणजे दारूबंदीसारखं. ही साखरबंदी, ती मीठबंदी." दोन दिवसांत अख्खं स्वयंपाकघर तसंच बोलू लागलं. "मीठबंदीची दोन ताटं वर गेली काय गो?" "गेली मावशी. मीठबंदीतले आजोबा रडतात, म्हणतात जरा चिमूट घाल." "तू घातलीस?" "नाय. पण माझ्या डोळ्यातून पडलं असंल थोडं." इंदूमावशी हसू दाबायला चुलीकडे तोंड फिरवायच्या.

मावशींचा तिच्यावर जीव होता. कोठीचं निवडणं-पाखडणं तिच्याकडे द्यायचं त्यांनी मनात धरलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्यापासून चुलीपर्यंतचा रस्ता कोठीतून जायचा. धान्यावर ज्या बाईचा हात बसला तिच्यावर मग डाळ-भात सोपवायचा, आणि चुलीवर गेलेली बाई कायम व्हायची. सुगंधाला हे माहीत होतं. ती सूप धरायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखं काहीतरी असायचं, आणि सुपातला खडा बोटांनी टिपला की ती तो मला लांबूनच दाखवायची, सोनं सापडल्यासारखा.

त्या आगोटीला आम्ही नाचणी धुतली होती. वॉर्डातल्या नाचणीच्या पेजेसाठी ती आम्ही धुऊन, दोन कडक उन्हं देऊन पिंपात भरायचो, आणि लागेल तशी दळून आणायचो. गच्चीवर रुग्णालयाच्या जुन्या चादरी अंथरलेल्या. त्यांच्यावरचे निळे शिक्के धुवून धुवून फिके झालेले, आणि त्या शिक्क्यांवर तांबडी नाचणी पसरलेली. अनवाणी पायाने तीत रेघा ओढत जायचं, म्हणजे खालची वर येते. त्या स्पर्शाची गंमत मी अजून विसरलो नाही. नाचणी पायाला गुदगुल्या करते, तांदूळ करत नाही.

दुसरं ऊन निम्मं झालं असेल-नसेल, भाट्याच्या खाडीच्या बाजूने मळभ आलं. वळवाचे ढग. सगळ्याजणी गच्चीवर धावल्या. चादरींची टोकं धरून नाचणी जिन्याच्या खोलीत ओढली. सुगंधा सुपाने भरत होती. मध्येच ती पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसली, पोट धरून. मावशींनी विचारलं, तिने हळू काहीतरी सांगितलं. मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाय गो? आगोटीला हात लावलास!"

इथे थांबून सांगायला हवं. आमच्याकडे पाळी आलेल्या बाईने लोणच्याला, पापडाला, भरून ठेवायच्या धान्याला हात लावायचा नाही, असं पाळतात. रुग्णालयात सगळंच पाळून चालायचं नाही, हात कमी पडतात. म्हणून भाजी चिरायला, भांड्यांना चालायचं. आगोटीला मात्र नाही. कुणी तसा नियम केला नव्हता, पण होता. वरच्या मजल्यावर डॉक्टर, नर्सबाई, यंत्रं, आणि खालच्या स्वयंपाकघरात हे. मी या गोष्टीला हसायचो. मनातल्या मनात हसायचो, हे जास्त खरं.

सुगंधा त्या दिवशीही हसली. उठता उठता म्हणाली, "नाचणीला काय कळतंय मावशी, कोण कशी हाय ते." बाकीच्या हसल्या. मावशीही हसल्या आणि तिला खाली पाठवलं.

आता माझं. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा लांज्याला साखरपुडा होता. त्याच संध्याकाळची एसटी धरायची होती. उन्हातून आलेलं धान्य लगेच भरायचं नसतं. सावलीत पसरून रात्रभर निवू द्यायचं, सकाळी हात घालून बघायचं, थंडगार लागलं तरच पिंपात. गरम भरलं तर झाकणाखाली त्याला घाम सुटतो. हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं. पण नाचणी रात्रभर पसरून ठेवायची तर सकाळी मी हवा होतो, आणि सकाळी मला लांज्याला पाहुण्यांना चहा द्यायचा होता. मी एकट्याने भरायला घेतली. हाताला ऊब लागत होती. खोल गेलेल्या हाताला तर चांगलीच लागत होती. मी झाकण लावलं आणि कडेने चिकटपट्टी फिरवली.

मावशींनी जिन्याखालून हाक मारली, "भाऊ, निवली काय नाचणी?"

"निवली."

एवढंच. एक शब्द. एसटी मिळाली. साखरपुडा छान झाला.

पुढचे दोन महिने मला त्या पिंपाची आठवणही झाली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. कोठीत गेलो की मी त्याच्याकडे बघत नसे. न बघणं हीसुद्धा आठवणच असते. पाऊस कौलांवर, पत्र्यांवर, नारळांवर कोसळत होता, आणि मी बाकीच्या पिंपांवरून हात फिरवायचो, ते सोडून. कधी वाटायचं, आज उघडून पसरावं, चुलीच्या उबेला ठेवावं. पण उघडायचं म्हणजे मावशी विचारणार, का उघडलं? मग राहायचं. काही बिघडलं नसेल, नाचणी टिकाऊ धान्य आहे, अशी मी माझी समजूत घालायचो.

श्रावणात आधीची नाचणी संपली आणि मावशींनी ते पिंप उघडलं. वास आधी बाहेर आला. ओल्या पोत्याखाली मेलेली पाल सापडावी तसा कुबट वास. मावशींनी हात घातला तर हातात ढेकूळ आलं, राखाडी-हिरवं, तंतू सुटलेलं. त्या तिथेच जमिनीवर बसल्या. पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून आलं ते असं, "आता बाळंतिणींच्या पेजेला काय लावू?" नशीब एवढंच, की त्यातला दाणाही कुणाच्या पोटात गेला नाही.

मग बायका जमल्या. नाचणी अशी बिघडते कधी? वर्षानुवर्षं राहते. दुष्काळात जमिनीत पुरून ठेवलेली निघाली तरी चांगली निघते म्हणतात. ज्या अर्थी नाचणी बिघडली त्या अर्थी काहीतरी निराळंच झालेलं असणार. कुणीतरी सुगंधाकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. आणि मागून एक आवाज आला, कुणाचा ते मी सांगत नाही, ती बाई वाईट नव्हती:

"कळलं हां गो नाचणीला."

सुगंधाचा विनोद तिच्याच अंगावर परत आला. तिने हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. पुढून, मागून. जणू तिथे काही लिहिलेलं सापडेल.

मी दारात उभा होतो. मला बोलायचं होतं. मी बोललोही. म्हणालो, "यंदा हवाच तशी आहे." कुणी ऐकलं नाही, आणि कुणी ऐकू नये अशाच आवाजात मी ते म्हटलं होतं.

इंदूमावशी ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर पोरगी भांडली असती, आणि भांडणात खरं कधी कधी बाहेर येतं. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा दोष नाय गो बाय. कुणाचं अंग कसं, कुणाचं कसं. पण यापुढे आगोटीला हात नको लावूस हां." एवढ्या मायेने सांगितलेलं माणूस टाळू शकत नाही. त्या दिवसापासून सुगंधाच्या हातातलं सूप गेलं. तिला मोरीवर घेतलं. श्रावण-भादव्याचा पाऊस, मागच्या पडवीतली उघडी मोरी, डोंगराएवढी पातेली. तिच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. साखरबंदी, मीठबंदी हे शब्द स्वयंपाकघरात चालूच राहिले, फक्त ती ते बोलेनाशी झाली.

आणि मग ती गोष्ट, जी मी आजवर स्वतःलाही पुरी सांगितली नव्हती. गणपती होऊन गेल्यावर एकदा मी मोरीवर हात धुवायला गेलो. ती पातेलं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, खरंच होत असंल काय असं? तुम्ही शिकलेले. सांगा ना."

आजूबाजूला कुणी नव्हतं. एसटी सुटायची नव्हती. ढग नव्हते. तिने विचारलं होतं, आणि उत्तर मला माहीत होतं.

मी म्हणालो, "मला काय कळतं बायकांचं."

पहिलं खोटं मी घाईत बोललो होतो. हे सावकाश बोललो.

पुढच्या वर्षी तिचा नवरा लोट्याला एका केमिकल कंपनीत लागला आणि ती गेली. जाताना सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही. नंतर स्वयंपाकघरात दुसऱ्या बायका आल्या, गॅस आला, प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे आले. इंदूमावशी निवृत्त झाल्या, पुढे वारल्याही. त्यांच्या दिवसांना मी गावी जाऊन आलो. त्यांच्या लेकाने विचारलं, "आई तुमचं फार नाव काढायची, म्हणायची भाऊंच्या कोठीत कधी काही बिघडलं नाही. एकदाच काय ते." मी पत्रावळीवरचा भात पुढे सरकवत राहिलो.

लोक समजतात, न बोलणारा माणूस शांत असतो. माझ्याबद्दलही असंच समजतात. "भाऊ म्हणजे गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मला त्या पिंपाची आठवण येते. बाहेरून चिकटपट्टी अगदी घट्ट होती.

आणि यंदाची आगोट.

नाचणी गच्चीवर पसरली होती, धुतलेली, दुसऱ्या उन्हाची. दुपारी मी खाली स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतो. रुग्णाबरोबरची माणसं तिथे डबे घेऊन पेजेला येतात. एका बाईने डबा पुढे केला आणि म्हणाली, "बायकांच्या वॉर्डात सासूबाई हायत, कमरेचं हाड मोडलंय. मीठबंदी नाय हां आमची."

मी डबा धरला तो धरूनच राहिलो. केस पांढरे झालेले, अंग भरलेलं, दात एक पडलेला. पण तो शब्द तिचाच होता.

"सुगंधा?"

"वळखलंत? मी म्हटलं, भाऊ कशाला वळखतायत. अजून हितंच? कोठीत?"

"कोठीतच."

लोट्याहून ते कधीच परत पूर्णगडला आले होते. नवऱ्याला कंपनीतल्या वासाने दम लागायला लागला, आता होडीवर जातो. एक मुलगी. ती बघा, म्हणून तिने मागे बोट दाखवलं. सोळा-सतरा वर्षांची पोर व्हरांड्याच्या बाकावर बसली होती, मोबाईलमध्ये डोकं घालून. प्राची. मी पेज भरून डबा तिच्या हाती दिला आणि म्हटलं, "चला, वर गच्चीवर बघायला या, आगोट चाललीय. तुमचं जुनं ठिकाण." मी हे का म्हटलं मला सांगता येणार नाही. बहुतेक तिला तिथे नेल्याशिवाय माझं तोंड उघडणार नाही हे मला कळलं असावं.

सुगंधाच्या चेहऱ्यावर एकदम जुनं हसू आलं. जिन्याशी पोचल्यावर मात्र ती मागे वळून मुलीला म्हणाली, "तू खालीच थांब गो. वर येऊ नको."

"का? येऊ दे की," मी म्हटलं.

तिने आवाज खाली केला. "अहो, तिचे दिवस हायत. वर आगोट उघडी असंल ना? नको बाबा. एकदा माझ्या हातून झालंय तेवढं पुरे. विसरलात काय?"

मी तिच्या मागून पायऱ्या चढू लागलो.

ती पायऱ्या चढत सहज सांगत होती, लोक जुन्या आजाराविषयी सांगतात तसं. "आमच्यात कुणी एवढं पाळत नाय हो. सासूबाई तर कध्धी बोलल्या नाय. मीच पाळते. माझं अंगच तसं. लोणचं मी घालत नाय, जाऊबाय घालते. सुकटीचा डबासुद्धा त्या दिवसांत मी उघडत नाय. आणि पोरीचं माझ्यावरच जाणार ना? म्हणून तिला आधीपासून सवय लावली. चार दिवस बाहेर ओटीवर. ती चिडते. कॉलेजात जाते ना आता. म्हणते, आई तू अडाणी हायस. म्हटलं, तुझ्या आईने डोळ्याने बघितलंय, पिंपभर नाचणी सडली."

इतकी वर्षं मी समजत होतो, की ती मला शिव्या देत असेल. सुगंधाला ते अन्यायाचं वाटत असेल, ती रागावलेली असेल, आणि त्या रागात ती माझ्यापासून सुखरूप असेल. तिने ते खरं मानलं असेल हे माझ्या मनाला कधी शिवलं नव्हतं. मी तिला मोरीवर बसवलं एवढंच मला माहीत होतं. तिच्या घरात, तिच्या लोणच्याच्या बरणीपर्यंत, तिच्या मुलीच्या ओटीपर्यंत माझा तो एक शब्द चालत गेला होता.

गच्चीवर ऊन कलतं झालं होतं. रेखा, आमची आताची स्वयंपाकीण, नाचणी गोळा करून सावलीला ओढत होती. सुगंधा कडेला उभी राहिली, चादरीपासून दूर. आज तिला काही अडचण नव्हती, तरी दूर. मी म्हटलं, "सुगंधा, ती नाचणी माझ्यामुळे बिघडली."

ती हसली. "असू दे हो भाऊ, आता कशाला."

"असू दे नाही. ऐक. मी ती गरम भरली होती. मला लांज्याला जायचं होतं, बहिणीचा साखरपुडा होता. मावशींनी विचारलं निवली काय, मी म्हटलं निवली. निवली नव्हती. पुरती वाळलीही नव्हती. हाताला गरम लागत होती. तुझ्या हाताचं काही नव्हतं त्यात. तू मोरीवर विचारलंस तेव्हाही मला माहीत होतं."

रेखाचा हात थांबला. खाली रस्त्यावरून एक मासळीची गाडी हॉर्न वाजवत गेली. सुगंधा माझ्याकडे बघत होती, पण मला नाही. माझ्या मागे कुठेतरी ती मागची वर्षं उलटून बघत असावी. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"म्हणजे माझी पोर चार दिवस ओटीवर बसते ती तुमच्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी?"

मी चादरीवरच्या नाचणीकडे बघितलं.

"नीट चाललंय काय बहिणीचं?"

"चाललंय."

"मग बरं. कुणाचं तरी झालं." तिने पदराने तोंड पुसलं. मग एकदम भडकली. "शिकलेले म्हणून तुम्हाला विचारलं होतं हो मी! मावशीला नाय विचारलं, नवऱ्याला नाय विचारलं. तुम्हाला विचारलं."

"माझं चुकलं. मला माफ कर, असं म्हणायचा मला अधिकार..."

"माफबिफ मला येत नाय भाऊ. मला सासूची पेज न्यायचीय." ती जिन्याकडे वळली. मला वाटलं, गेली. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि जिन्यातून खाली अख्ख्या रुग्णालयाला ऐकू जाईल अशी ओरडली, "प्राचीऽऽ! वर ये!"

पोर आली, मोबाईल हातात, कपाळावर आठी. दारातच थबकली. चादर बघितली, आईकडे बघितलं. "आई, तूच म्हणालीस ना नको म्हणून?"

"आता ये म्हणते ना. चपला काढ. मोबाईल ठेव. हात घाल त्यात."

"कशात?"

"नाचणीत, आणखी कशात! कोपरापर्यंत घाल."

प्राची गुडघ्यांवर बसली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रेखाकडे. रेखा मागे सरकली होती, हे मला लिहायलाच हवं. एका खऱ्या वाक्याने रीत मोडत नाही. पोरीने हात घातला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपर. तांबडे दाणे तिच्या हातावरून पाण्यासारखे सरले.

"गरम आहे," ती म्हणाली.

"मग? भरायची काय आज?" सुगंधाने विचारलं. तिची नजर मुलीवर होती, प्रश्न मात्र माझ्यासाठी होता.

"मला काय माहीत?"

"नाय माहीत तर शीक. गरम असली की भरायची नाय. रातभर निवायला ठेवायची. सांग काकांना, त्यांना पुन्हा घाई झाली असंल."

पोर थोडी लाजली, मग हसली. आईचं हसू तिच्या चेहऱ्यावर असं अचानक उगवलं की मला बघवेना. "काका, आज भरू नका हां," ती म्हणाली. सुगंधा मात्र हसली नाही. तिने खाली वाकून नाचणीची मूठ भरली, उघडून बघितली, पुन्हा सोडली. तीन-चार वेळा तसंच केलं. मग पेजेचा डबा उचलून गेली.

मी नाचणी जिन्याच्या खोलीत पातळ पसरली. सकाळी लवकर येऊन बसलो, कुठे जायचं नव्हतं. रेखा आली, तिला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "खरं असंल भाऊ, पण मी आपली नाय लावणार हात त्या दिवसांत. मनाला येतं." मी म्हटलं, बरं. इतक्या वर्षांचं मी एका सकाळी कसं पुसणार?

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. प्राची होती, एकटी, सकाळची पेज न्यायला निघालेली, रिकामा डबा काखेत. "आई म्हणाली, बघून ये," असं सांगत ती आत आली. चपला दाराबाहेर काढल्या. कुणी न सांगता गुडघ्यांवर बसली आणि हात खोल, कोपरापर्यंत घातला. थोडा वेळ तसाच आत ठेवला. बाहेर काढला तेव्हा त्यावर चार-दोन दाणे चिकटलेले होते.

"गार आहे, काका," ती म्हणाली. "भरा."